ट्यूबनिष्ठ

सुरतेत डिंडोली-उधन्याकडे, म्हणजे जिथे रिक्षावाला भाडं गुजरातीत सांगतो आणि सुट्टे नाहीत हे अहिराणीत सांगतो, तिथे ट्यूबनिष्ठ हमखास भेटतो. वय पंचेचाळिशीचं. वडील उधना-जळगाव लाइनच्या गाडीत बसून खानदेशातून लूमवर आले; हा रिंगरोडच्या मार्केटात साड्यांची दलाली करतो. फ्लॅट झाला, हॉलमध्ये ५५ इंची फोरके टीव्ही झाला. आणि बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या हक्काच्या जागी, पिक्चर ट्यूबचा २९ इंची टीव्ही बसला. वजन चाळीसेक किलो. लिफ्ट त्या दिवशी नेमकी बंद होती.

"अहो, हे धूड भंगारात कधी जाणार?" असं घरून विचारलं जातं. तो ऐकत नाही, कारण तो मुस्तफा खेळत असतो.

मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. हे नाव व्हिडिओ गेमच्या दुकानात कोणी उच्चारल्याचं स्मरणात नाही. पिवळी टोपी घालून धावत लाथ मारणारा मुस्तफा, म्हणून गेमही मुस्तफा. या गेमचं चित्र आडवे ३८४ आणि उभे २२४ ठिपके, एवढंच. ट्यूबवर त्या ठिपक्यांच्या कडा विरघळतात, ओळींच्या मध्ये बारीक काळी रेघ येते आणि पाच-सात ठिपक्यांचं नाक खरोखर नाक वाटतं. फोरकेवर तेच नाक चौकोन होऊन बसतं. वर कोणी रिमोटने चित्र पडदाभर ताणलं, तर मुस्तफा चंदी पडव्याची घारी एकट्याने संपवल्यासारखा दिसतो. चित्रकारांनी हे ट्यूबवर बघून काढलं, ट्यूबवरच बघावं, असं त्याचं म्हणणं. त्याची पंचाईत अशी, की हे म्हणणं बरोबर आहे. चुकीच्या माणसाला घरचे समजून घेतात. बरोबर असलेल्याला बाल्कनीत बसवतात.

दिवसभर साड्यांच्या शेड जुळवणारा डोळा. "याचा काळा काळा नाही, राखाडी आहे," असं तो नव्या टीव्हीबद्दल ज्या सुरात सांगतो, त्या सुरात मार्केटात माल परत जातो. मुलगा इंजिनिअरिंगला. "पप्पा, ओएलईडी घ्या, काळा एकदम काळा. आणि सिग्नलच्या ओळी २४०; २४० नवे २१६०, फोरकेत बरोब्बर बसतं. फुल एचडीत साडेचार पट येत होतं, म्हणून ओळी वाकड्या." हिशेब चोख असतो. ट्यूबनिष्ठ मान हलवतो आणि म्हणतो, "बटण दाबल्यावर लाथ कधी बसते, ते सांग." इथे मुलगा गेम मोड वगैरे बोलू लागतो, पण आवाज खाली आलेला असतो.

अस्सल आर्केड मॉनिटर त्याने पाहिलेला नाही. सेगाच्या ॲस्ट्रो सिटी कॅबिनेटात जपानी नानाओचा २९ इंची मॉनिटर असे, हे तो सांगतो तेव्हा 'नानाओ' हे नाव गावाकडचे कोणी नाना असावेत अशा अदबीने घेतो. स्वतः खेळला तो प्लायवूडच्या खोक्यात घातलेल्या साध्या टीव्हीच्या ट्यूबवर, आणि तिचाही लाल उडालेला. म्हणून आज घरच्या ट्यूबचा लाल तो जरा कमीच ठेवतो. याला शुद्धता म्हणायचं की काय, हे मी विचारलेलं नाही. त्याच्याकडे उत्तर असेल, आणि ते लांब असेल.

स्वदेशीचा मुद्दा त्याने राखून ठेवलेला असतो. ट्यूबची काच भरूचजवळ चावजला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात होत असे. "भरूच, भाऊ! गाडीने तासाभरावर. तुझं पॅनेल कुठून येतं?"

पाहुण्यांच्या पोरांसाठी तो डक हंटची बंदूक काढतो आणि मुद्दाम आधी फोरकेवर देतो. पोरं झाडत राहतात, एक बदक पडत नाही, कुत्रा खदाखदा हसतो. ट्यूबचा झोत पडद्यावर रेघ रेघ करत फिरतो, बंदूक त्या क्षणाच्या उजेडाची वाट बघते. नव्या पडद्यावर तो तिला ठरल्या वेळी सापडत नाही. मग सगळी वरात बाल्कनीत. पहिल्या बारात बदक खाली. पोरांना आनंद होतो, त्याला मोक्ष मिळतो.

मात्र कोणी पोर कानावर हात ठेवतं. "काका, शिट्टी वाजतेय." वाजत असतेच, आपल्याकडच्या ट्यूब टीव्हीचा एलओटी, म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, १५,६२५ हर्ट्झवर गातो आणि इतकी बारीक शिट्टी या वयात बहुतेकांना ऐकू येत नाही. "कुठे काय?" ट्यूबनिष्ठ प्रामाणिकपणे म्हणतो.

क्रिकेट मात्र तो हॉलमध्ये, फोरकेवर बघतो. कोणी भुवई उंचावलीच, तर म्हणतो, "चेंडूची शिवण दिसायला नको का?"