कोणीतरी आहे यामागे!

जगात एखादी गोष्ट आपोआप घडते, हे ज्यांना मुळीच मान्य नाही, असे एक काका मुंबईच्या आरे कॉलनीत सकाळी चालायला येणाऱ्या प्रत्येक कंपूत असतात. रस्त्याला खड्डा पडत नाही, तो पाडलेला असतो. बिबट्या येत नाही, आणून सोडलेला असतो. नॅशनल पार्क शेजारीच आहे, हा खुलासा भाबड्यांसाठी.

१ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरचा धूमकेतू सापडला आणि आमच्या काकांना चेव आला. असा बाहेरचा पाहुणा हा तिसराच. ओउमुआमुआ २०१७ साली आणि बोरिसोव्ह २०१९ साली येऊन गेले होते. हार्वर्डचे अवी लोब म्हणाले, हे परग्रहावरचं यान असूही शकेल. त्यातलं ‘असूही शकेल’ काकांनी चेकनाक्यावरच टाकून दिलं.

आरे स्टॉलच्या फळीवर त्यांनी सूर्यमाला मांडली. एनर्जी दुधाची बाटली सूर्य, तिचं झाकण पृथ्वी, माझ्या चष्म्याचं घर मंगळ. एक खारा दाणा सरकवत म्हणाले, “ग्रह फिरतात त्याच पातळीत येतोय बघा. ३ ऑक्टोबरला मंगळाला खेटून,” (खेटून म्हणजे तीनेक कोटी किलोमीटरवरून) “आणि सूर्याच्या सगळ्यांत जवळ जाणार तेव्हा नेमका बाटलीमागे! आपल्याला दिसू नये म्हणून!” दाणा मग त्यांनी खाल्ला.

तेव्हा अमेरिकेत सरकारी कामकाज ठप्प होतं, म्हणून नासाने काढलेले त्याचे फोटो लांबले. जन्मभर सरकारी कचेरीत फाइल जागची न हलवलेल्या या माणसाला तेवढं मात्र पटेना.

कंपूतली कॉलेजची मुलगी म्हणाली, “काका, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतोय, शेपूट आहे. धूमकेतूच तो. आणि नारळीकरांनी २००१ साली हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा केली होती, अवकाशातून सूक्ष्मजीव येतात का ते बघायला. आधी नमुने, मग बोलणं.”

“म्हणजे नारळीकरांनाही संशय होताच!” काका खूश.

१९ डिसेंबरला धूमकेतू पृथ्वीच्या सगळ्यांत जवळ आला, सुमारे २७ कोटी किलोमीटरवर, आणि काहीएक न होता पुढे निघाला. दुसऱ्या दिवशी आम्ही काकांना स्टॉलवर गाठलंच. “काय झालं तुमच्या यानाचं?”

काकांनी शांतपणे बाटलीत स्ट्रॉ घातली. “बघून गेले. कळवतो म्हणाले असतील.”