पस्तीस वर्षांचा वनवास

सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवी गाडी आली की बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू जातं आणि पेढे वाटणाऱ्या मालकाच्या चेहऱ्यावर सात वर्षांच्या हप्त्यांचं तेज झळकतं. दर्शनाला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. ऑन-रोड किती पडली? सनरूफ आहे ना? ॲव्हरेज किती देते? पुण्याच्या मे महिन्यात सनरूफ उघडून नेमकं काय वाळत घालायचं, हे कुणीच विचारत नाही.

शेजारी 2004 सालची छोटी मोटार कव्हरखाली उभी. तिच्या मालकांना, म्हणजे काकांना, एकच प्रश्न: "अजून चालते?" हेच लोक काकांच्या गुडघ्यांबद्दलही विचारतात, पण तेव्हा आवाज जरा खाली येतो.

सरकारही काकांना विसरलेलं नाही. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन तिची तब्येत दाखवायची आणि फेरनोंदणी करायची. या फेरनोंदणीला पूर्वी 600 रुपये पडत. एप्रिल 2022 पासून 5,000 झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये विशीपार गाड्यांना 10,000. पर्यावरण कर वेगळा. काही गाड्या तर पासिंगच्या खर्चाहून स्वस्तात विकल्या जातील, अशी वेळ आली आहे.

पण हीच मोटार 50 वर्षांची होऊ द्या! 2021 च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली आणि मूळ रूपात राखलेली खासगी गाडी 'विंटेज' ठरते. नंबरात 'व्हीए' ही मानाची अक्षरं येतात. अट एवढीच की रोजच्या कामाला ती रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, बस्स. म्हणजे गाडी भाजी आणते तोवर भंगार. भाजी आणणं सोडलं की वारसा. मधल्या पस्तीस वर्षांत तिने तोंड कुठे लपवायचं? पांडवांचं वनवास आणि अज्ञातवास मिळून तेरा वर्षांत भागलं होतं.

मुंबईच्या पद्मिनीला तर तेवढीही सवलत नव्हती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी टॅक्सी म्हणून 20 वर्षंच धावू शकत होती. शेवटची 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, ती 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात अख्खं शहर हळवं झालं. आदल्या आठवड्यापर्यंत हीच मंडळी एसी नाही म्हणून तिला हात न करता मोबाइलवरून दुसरी गाडी बोलावत होती.

एखाद्या गाडीचा वनवास मात्र संपतो. दिल्लीच्या हरपाल सिंग यांनी 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली घेतली आणि 2010 मध्ये निधन होईपर्यंत तीच गाडी बाळगली. त्यांच्यामागे ती घराबाहेर गंजत पडली. आता डागडुजी होऊन कंपनीच्या मुख्यालयात दिमाखात उभी आहे.

विंटेजचा नियम कळल्यापासून काका हिशेब मांडून बसलेत. गाडी घेतली तेव्हा ते 52 चे होते. ती विंटेज होईल 2054 मध्ये, तेव्हा त्यांना 102 पूर्ण. मुलगा म्हणतो, "बाबा, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका." काकांनी काल बाजारातून नवं कव्हर आणलंय. वॉटरप्रूफ, पाच वर्षांच्या गॅरंटीचं.