नाना आणि मीटरमधला उजेड

जसं होतं तसं परत करून ठेवणं, याला बाकीचे लोक दुरुस्ती म्हणतात. नाना हार म्हणतात. पंख्याचा कंडेन्सर गेला आणि त्याच मापाचा दुसरा आणून बसवला, तर तो माणूस त्यांच्या लेखी चालून आलेली संधी घालवणारा. त्यामुळे त्यांच्या शंभर सीसीच्या जुन्या मोटरसायकलच्या मीटरमधला बल्ब उडाला तेव्हा काकूंनी काही न बोलता स्टीलची एक ताटली आणून दिली, स्क्रू ठेवायला. न देऊन उपयोग नव्हता. मागे एकदा दिली नाही, तर नानांनी चकलीच्या डब्याचं झाकण घेतलं होतं, ग्रीससकट.

नाना मूळचे नागपूरचे, म्हणजे त्यांचे वडील. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरच्या सचिवालयातल्या फायलींबरोबर जे कारकून इकडे आले त्यांतले ते एक. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीची नोंदणी झाली, जिला पुढे सगळं भोपाळ भेल म्हणू लागलं. नाना तिथे ट्रान्सफॉर्मरला लागले आणि ट्रान्सफॉर्मरमधूनच निवृत्त झाले. चारशे केव्हीचा, खोलीएवढा ट्रान्सफॉर्मर. ड्रॉइंगमध्ये नसलेला एक वॉशरही तिथे घालायची सोय नाही. उभ्या नोकरीत स्वतःच्या डोक्याने एक नट फिरवायला मिळाला नाही. तो सगळा अनुशेष ते आता अवधपुरीच्या ओट्यावर भरून काढतात.

गल्लीच्या तोंडावरचा मेकॅनिक अस्सल भोपाळी. त्याने आधीच सांगून पाहिलं होतं, ‘‘को खां, दस रुपए का बलब है, डलवाओ और निकलो. कायको गाडी की कुंडली खोल रिये हो?’’ पण दहा रुपयांत प्रश्न सुटणं नानांना परवडणारं नव्हतं. हमीदिया रोडवरच्या पार्टवाल्याकडून त्यांनी एलईडी आणले, तेही रंगवार. कारण पांढऱ्या एलईडीत लाल रंग कमी असतो. लाल काचेमागे लालच हवा, हिरव्यामागे हिरवा. हे त्यांनी मला फाटकात उभं करून सांगितलं, माझ्या हातात दुधाची पिशवी असताना. खरं सांगायचं तर माहिती चोख होती. नानांची माहिती नेहमी चोखच असते, म्हणून तर सुटका नसते.

मग मीटर उघडलं. स्पीडोमीटरच्या केबलचा नट हाताने सैल केला, मागचे रबरी होल्डर एकेक करून बाहेर ओढले. जुना बल्ब नखाएवढा, १.७ वॉटचा, आतून काळा पडलेला. नव्या एलईडीचे दोन पाय होल्डरमध्ये खुपसले, चावी फिरवली. न्यूट्रलचा दिवा लागेना. काकू दारातूनच म्हणाल्या, ‘‘अहो, पाटी तरी लावा, काम चालू आहे म्हणून.’’ नाना हसले. याच क्षणाची ते वाट पाहत होते. ‘‘साध्या बल्बला सुलट-उलट कळत नाही. कसाही घाला, जळतो. एलईडीला प्लस-मायनस लागतं.’’ एलईडी उपसला, उलटा घातला. हिरवा असा काही पेटला की समोरच्या घरातलं पोर ‘सिग्नल, सिग्नल’ म्हणत बाहेर आलं.

न्यूट्रल जिंकला, काट्यामागचा उजेड मात्र हट्टी निघाला. त्या काळच्या बऱ्याच लहान गाड्यांत हेडलाइट आणि मीटरचा उजेड बॅटरीवर नसतो, थेट इंजिनाच्या कॉइलमधून येणाऱ्या एसीवर असतो. तिथे एलईडी फडफडतो. इंजिन आयडलला असलं की मीटरमध्ये लग्नाची रोषणाई. शिवाय साधा बल्ब चारी बाजूंना उजेड सांडतो, एलईडी समोरच बघतो. त्यामुळे चाळीसच्या आकड्यावर लख्ख दुपार आणि ऐंशीच्या पुढे अमावस्या. मी म्हटलं, ‘‘नाना, तुम्ही चाळीसच्या पुढे जाताच कुठे?’’ ‘‘प्रश्न जाण्याचा नाही,’’ नाना म्हणाले, ‘‘आकडा दिसण्याचा आहे.’’ शेवटी डायोडचा ब्रिज आणि एक कॅपॅसिटर घालून फडफड थांबवली आणि एलईडीची टोकं कानशीने घासून उजेड पसरवला. या सगळ्याला एक रविवार आणि काकूंचं पोह्यांवरचं बोलणं लागलं.

वीज किती वाचली, हे मी विचारायला नको होतं. नानांनी हिशेब मांडला: मीटरचे दोन बल्ब, साडेतीन वॉटच्या आसपास, त्यातले तीन तरी वाचले. पण या गाड्यांचा रेग्युलेटर उरलेली वीज साठवत नाही, शंट करतो, तिथल्या तिथे उष्णता करून टाकतो. वाचलेल्या वॉटांनी रेग्युलेटर तेवढा गरम होणार. चारशे केव्ही हाताळलेल्या माणसाला हे ठाऊक नाही असं कसं म्हणू? त्यांनी एवढंच सांगितलं, ‘‘तत्त्वतः बचत आहे.’’

मीटर झालं तिथे थांबले असते तर ते नाना कसले. पुढच्या आठवड्यात चारी इंडिकेटर. जुना फ्लॅशर आत तापणाऱ्या पत्तीवर चालतो, बल्बने भरपूर करंट ओढला तरच ती पत्ती हलते. एलईडी ओढतात चिमूटभर. त्यामुळे इंडिकेटर लागला आणि लागलेलाच राहिला. म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आला. आता टिकटिक सुरू झाली, पण उजवीकडे दाबलं की चारही दिवे. मीटरमध्ये डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच पिवळा दिवा. तो दोन्ही बाजूंच्या मध्ये जोडलेला, आणि त्याच्यातून घरंगळलेला थोडासा करंटही पलीकडच्या एलईडींना पुरतो. साध्या बल्बांना एवढ्याने जागही आली नसती. बोर्ड ऑफिस चौराह्यावर नाना असे चारही दिवे मिचकावत उभे असताना मागचा रिक्षावाला ओरडला, ‘‘चचा, जाना किधर है?’’ नानांनी त्याला डायोडबद्दल सांगायला मान वळवली, तेवढ्यात सिग्नल सुटला, म्हणून तो वाचला.

दोन डायोड लावून तेही मिटलं. त्या रात्री नानांनी गल्लीत डावीकडे वळायचं काही नसताना डावा इंडिकेटर देत तीन फेऱ्या मारल्या. मेकॅनिकही दुकान बंद करता करता बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘मान गए खां.’’ मग हळूच मला, ‘‘बलब दस रुपए का ही था.’’

आता पंचाईत झाली पुतण्याची. त्याने नवी गाडी आणली. मीटर डिजिटल, सगळा उजेड कारखान्यातूनच एलईडीचा, हेडलाइट तर बंदच होत नाही. १ एप्रिल २०१७ नंतर बनणाऱ्या दुचाकींना तसा नियमच आहे, तरी भर दुपारी समोरून येणारा हरेक माणूस मुठीची उघडझाप करून ‘लाइट चालू है’ सांगतोच. नानांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. उघडायला काही नाही, बदलायला काही नाही, एक रबरी होल्डरसुद्धा नाही. चेहरा पडला. पुतण्या खुशीत म्हणाला, ‘‘काका, बघा, तुम्हाला हवं तसंच. सगळं एलईडी.’’

नाना बराच वेळ त्या आकड्यांकडे डोळे बारीक करून बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘फारच पांढरं आहे रे. डोळ्यांना त्रास होईल. जुन्या बल्बचा तो पिवळा उजेड यात आणता येतो का बघू. ताटली आण.’’