कमी मारणारा जिंकतो

(दतिया गेटापाशी चहाची टपरी. झाशीत मुरलेले, रेल्वेतून निवृत्त झालेले मामा. समोर पुण्याचा भाचा. त्याला कंपनीने नुकतंच गोल्फला लावलंय.)

मामा : म्हणजे जो कमी मारेल तो जिंकणार?

भाचा : हो. कमीत कमी फटक्यांत अठरा खड्डे उरकायचे.

मामा : 1932 साली आपल्या ध्यानचंदच्या टीमनं अमेरिकेवर 24 गोल चढवले. तुझ्या हिशेबानं हरलीच म्हणायची!

भाचा : ते हॉकीत, मामा. गोल्फमध्ये आपला अली शेर आहे ना. 1991 ची इंडियन ओपन, दिल्ली.

मामा : कुठले राजेसाहेब हे?

भाचा : राजे कसले! दिल्ली गोल्फ क्लबातच कॅडी होता तो. साहेब पुढे, हा बॅग खांद्याला लावून मागे.

मामा : बॅगेत काय, डबा?

भाचा : काठ्या. चौदापर्यंत चालतात.

मामा : चौदा? खेळायला जातात की लाठीमार करायला?

भाचा : लांब मारायची वेगळी, वाळूतून काढायची वेगळी, शेवटी हळूच ढकलायची वेगळी. कुठली कधी घ्यायची, वारा कुठून येतोय, हिरवळ कुठे उतरतेय, सगळं कॅडी सांगतो.

मामा : मग साहेब काय करतो?

भाचा : मारतो.

मामा : आमच्याकडेही तेच. टिपणी मी लिहायचो, साहेब सही मारायचे. (टपरीवाल्याला) भैया, एक कट और. हां, तर जिंकला?

भाचा : जिंकला! 1964 पासूनच्या स्पर्धेत पहिलाच भारतीय व्यावसायिक. त्याआधी आपल्यातले एकटे बिल्लू सेठी, 1965 ला. पण ते हौशी.

मामा : हौशी म्हणजे घरचं खाऊन खेळणारे. अन् ज्यांच्या बॅगा वाहिल्या त्यांनी टाळ्या वाजवल्या?

भाचा : वाजवल्याच असतील. गोल्फमध्ये शिष्टाचार फार.

मामा : आणि घरी जाऊन म्हणाले असतील, तुक्का लागला!

भाचा : 1993 ला पुन्हा जिंकला ना.

मामा : वा रे पठ्ठ्या! एक तुक्का दोनदा लागत नसतो.

भाचा : तरी पण मामा, 1991 ला मैदान त्याच्या पायाखालचं होतं. तिथे मधेमधे जुने मकबरे, भोवती झाडी. ती सगळी त्याला पाठ. तेवढा फायदा मिळणारच.

मामा : अन् मेंबर लोक काय, क्लबात फक्त चहा प्यायला जात होते?