हिंचक्याचा पाया

सुरतेत देव्हारा लहान असला तरी चालतो, हिंचका मात्र मोठा लागतो. लिंबायतच्या दोन खोल्या सोडून आम्ही कामरेजच्या रो-हाउसमध्ये आलो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आपल्यालाही ओटला हवा."

"स्वयंपाकघरात आहे की!"

"तो ओटा. मी दारापुढचा ओटला म्हणतेय. वर छप्पर, खाली हिंचका."

मे महिना होता. बाबा जागा बघायला पुढे झाले आणि त्यांची काठी जमिनीच्या भेगेत हातभर आत जाऊन अडकली. चोपड्याकडच्या काळ्या रानात जन्मभर कापूस पिकवलेला माणूस. काठी उपसत म्हणाले, "ही माती कापसाला आई, घराला सावत्र. पाया खोल घ्या." पण बांधकामात शेतकऱ्याचं ऐकतो कोण? आम्ही कडियाचं ऐकलं. इकडे गवंड्याला कडियो म्हणतात. त्याने दीड फुटाचे चार खड्डे सांगितले. "पुरतील ना?" तर म्हणे, "वांधो नहीं." गुजरातीत याचा अर्थ हरकत नाही, मराठी माणसाचे वांधे तिथूनच सुरू होतात.

पायाभरणीला इथे खातमुहूर्त म्हणतात. शब्दाचा मान राखून आम्ही शेजाऱ्यांना लोचो खाऊ घातला. खाल्ला तो लोचो. लोचा जुलैत झाला.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, वाळलं की आकसतं. जड इमारतीपुढे मातीचं फारसं चालत नाही. हलका ओटला मात्र ती लेकरासारखा कडेवर घेते. आमच्या गच्चीच्या पाइपाचं पाणी नेमकं उजव्या कोपऱ्यात पडत होतं, त्यामुळे त्या कोपऱ्याचे लाड जरा जास्तच झाले. तिकडचा खांब वर आला, घराच्या भिंतीला सांधलेला स्लॅब तडकला आणि हिंचका डावीकडे कलला. त्यावर कुणीही कुठेही बसो, दोन झोक्यांत सगळे डाव्या टोकाला गोळा होत. बायकोची जागा तीच. एकदा मी, पाहुणे आणि चहाचा ट्रे असे मिळून तिच्याकडे पोचलो. त्या संध्याकाळी ओटला पाडायचं ठरलं.

भाच्याने सिव्हिलचा डिप्लोमा केलाय. तो म्हणाला, "मामा, अंडररीम पाइल." रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी रुळवलेली ही पद्धत. गोल, अरुंद भोक साडेतीन मीटर खोल न्यायचं, कारण तिथे पावसाळा-उन्हाळ्याचा फरक फारसा पोचत नाही. तळाशी भोक रुंद करून घ्यायचं. फुगवटा साधारण खांबाच्या अडीच पट. मग सळयांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचं. वरच्या मातीने उचलायचं म्हटलं, तरी तळातला गड्डा खांबाला धरून ठेवतो. शिवाय ओटला घराला सांधायचा नाही, मध्ये फट ठेवायची. एकत्र कुटुंबात हे तत्त्व आधीच कळायला हवं होतं.

दोन मजूर हातऑगर फिरवत चार दिवस माती उपसत होते. एका शेजाऱ्याने बोअर का विचारलं, दुसऱ्याने सेप्टिक टँक. तिसरा काही न विचारता रोज येऊन वाकून बघे. त्याला हंडा निघण्याची आशा असावी. हंडा निघाला नाही, माझी फिक्स्ड डिपॉझिट मात्र गेली. आता आमचा ओटला जमिनीवर आठ फूट आहे आणि जमिनीखाली साडेअकरा. लोक वरच्या रंगाचं कौतुक करतात. खालच्या साडेअकरा फुटांबद्दल मलाच विषय काढावा लागतो.

भाचा हे सगळं कागदावर आकृती काढून समजावत होता, तेव्हा बाबा शांतपणे सुपारी कातरत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे खोल घ्यायचा."

यंदा पावसाळा होऊन गेला. हिंचक्यावर लेव्हल-बाटली ठेवली, बुडबुडा मधोमध थांबला. तुम्हालाही काळ्या मातीत ओटला बांधायचा असेल, तर कडियाला बोलवण्याआधी मे महिन्यात भेगेत एक काठी घालून बघा. ती जिथे अडकेल, तुमचे पैसे त्याच्या बरेच खाली जाणार आहेत.