प्रस्तावराव

प्रस्तावरावांना "काय, कसं चाललंय?" असं विचारलं तर ते तब्येत सांगत नाहीत, धंदाही सांगत नाहीत. ते पायरी सांगतात. "टीआरएल तीनला आहोत सध्या." तंत्रज्ञान कितपत तयार झालंय हे मोजायची ही 9 पायऱ्यांची शिडी. पहिलीवर मूळ तत्त्व, नववीवर प्रत्यक्ष वापरात असलेली वस्तू. तिसरीवर कल्पना प्रयोगशाळेत खरी ठरते. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून ते तिसरीवर आहेत. "तिसरी फार क्रिटिकल असते हो," ते म्हणतात. बसायला ऐसपैसही असावी.

पुण्यात पाषाण, बावधन, बाणेर या भागात असे प्रस्तावराव बरेच सापडतात. नॅशनल केमिकल लॅबोरेटरीच्या आश्रयाने 2007 साली व्हेंचर सेंटर निघालं, तेव्हापासून या वस्तीला बरकत आली. आमचे प्रस्तावराव माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, पीएच.डी., मग परदेशात पोस्टडॉक, मग औषध कंपनीत चांगली नोकरी, मग एके दिवशी राजीनामा. खांद्याला कुठल्यातरी परिषदेत मिळालेली पिशवी. बायको आयटीत. तिचा पगार हा कंपनीचा पहिला सीड फंड. विशेष म्हणजे या फंडाने आजवर युटिलायझेशन सर्टिफिकेट मागितलेलं नाही.

मी बँकेत जन्म काढला, म्हणून सांगतो, या माणसाला मी कर्ज दिलं नसतं. तारण काय, तर एक डबी आणि डॉक्टरेट. खासगी गुंतवणूकदार पहिल्याच भेटीत विक्री विचारतो, आणि यांच्या डबीने अजून एकही पेशंट पाहिलेला नसतो. मधल्या या खड्ड्यात सरकारने उतरावं ही युक्ती अमेरिकेची. 1977 साली तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये रोलंड टिबेट्स या अधिकाऱ्याने छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी पैसे द्यायचा प्रयोग सुरू केला आणि 1982 साली त्याचा देशभरासाठी कायदा झाला. आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2005 साली तशीच योजना आणली, 2012 साली बायरॅक ही संस्था काढली आणि तिच्यामार्फत 'बिग' अनुदान सुरू झालं. 50 लाखांपर्यंत रक्कम, 18 महिने मुदत, परतफेड नाही, कंपनीत हिस्साही मागत नाहीत. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण प्रस्तावरावांच्या प्रत्येक प्रेझेंटेशनची दुसरी स्लाइड हीच असते आणि सराव माझ्यासमोर होतो.

आता डबीविषयी. साबणाच्या वडीएवढी, आत एक दिवा आणि एक सेन्सर. रक्ताचा थेंब ठेवायचा, प्रकाश सोडायचा, बाकीचं गणित मोबाइल करतो. कशाचं गणित, ते मात्र दिल्लीत काय चाललंय त्यावर अवलंबून. 2018 साली 'ॲनिमियामुक्त भारत' सुरू झालं तेव्हा डबी हिमोग्लोबिन मोजत होती. मार्च 2020 मध्ये कोविडसाठी 'कॉल' निघाला, म्हणजे प्रस्ताव मागवले गेले, तर डबी आठवड्याभरात कोविडकडे वळली. पुढे प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची चर्चा वाढली, तेव्हा डबीला जंतू दिसू लागले. 1 जुलै 2023 रोजी शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, आणि त्याच रात्री प्रस्तावरावांच्या खिडकीत दिवा जळत होता. "प्लॅटफॉर्म टेक्नॉलॉजी आहे," ते म्हणाले. आमच्या गावच्या रामलीलेत एकच नट सकाळी जटायू आणि संध्याकाळी कुंभकर्ण व्हायचा, त्याला हा शब्द ठाऊक नव्हता.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक लागतात. दुसऱ्या संचालक म्हणजे प्रस्तावरावांच्या मातोश्री. अर्जाला बोर्डाचा ठराव जोडायचा असतो, तेव्हा बोर्डाची बैठक भरते. एक बैठक मी पाहिली आहे.

"आई, बोर्ड मीटिंग आहे."

"तीन शिट्ट्या होऊ देत."

शिट्ट्या झाल्या. मातोश्री पदराला हात पुसत आल्या, चष्मा शोधला, दाखवलेल्या जागी सही केली. "मागच्या वेळचे आले का रे पैसे?" असा प्रश्न त्यांनी विचारला. एवढा थेट प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांच्या वार्षिक सभेतही मी ऐकलेला नाही. इतिवृत्तात मात्र 'संचालकांनी प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केले' असं आलं. मग मोबाइलवर ओटीपी. "आई, सहा आकडे सांग." आईंनी चारच सांगितले, कारण उरलेले दोन चष्म्याच्या चकाकीत गेले होते.

पैसे मिळेपर्यंतचे प्रस्तावराव आणि पैसे मिळाल्यानंतरचे प्रस्तावराव यांत दुसरे जास्त हवालदिल असतात. बजेटचे कप्पे पाडलेले असतात: मनुष्यबळ, उपकरणं, कन्झ्युमेबल्स, प्रवास, किरकोळ. या कप्प्यातलं त्या कप्प्यात न्यायचं तर आधी परवानगी. मागच्या पावसाळ्यात त्यांचा रीएजंट संपला. कन्झ्युमेबल्समध्ये खडखडाट, प्रवासात भरपूर शिल्लक. शेवटी ते विमानाने हैदराबादला गेले आणि रीएजंटअभावी काम कसं अडतं यावर एका परिसंवादात बोलून आले. खर्च नियमात बसला. टाळ्याही पडल्या.

अनुदानाच्या खात्यावर व्याज जमलं तर ते आपलं नसतं, भारताच्या संचित निधीत परत करायचं असतं. प्रस्तावरावांना त्याचा अभिमान आहे. "देशाच्या तिजोरीत आम्ही भर घालतो," असं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्स थकल्याचा विषय निघाला की सांगतात. त्यांचे सीए वेगळ्याच काळजीत. युटिलायझेशन सर्टिफिकेटच्या 'जीएफआर 12-अ' नावाच्या फॉर्मात पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरला असं लिहून द्यायचं असतं. "अहो साहेब, हे चहाचं बिल किरकोळमध्ये टाकू की मनुष्यबळात?" असा त्यांचा फोन मार्चअखेरीस रात्री अकराला येतो. प्रस्तावराव गंभीरपणे विचार करून सांगतात, "कोण प्यायलंय त्यावर आहे."

तज्ज्ञांच्या समितीपुढची मुलाखत हा त्यांचा खरा रंगमंच. दहा मिनिटं, मोजक्या स्लाइड, घरून ऑनलाइन, वर कोट आणि खाली बर्म्युडा. समितीत एकजण पेटंटचं विचारतो, एकजण बाजाराचं, आणि एक ज्येष्ठ प्राध्यापक हटकून म्हणतात, "हे आम्ही पूर्वी करून पाहिलं होतं." क्लिनिकल पार्टनर कोण, या प्रश्नाला सांगलीचे मेव्हणे. त्यांचं दहा खाटांचं प्रसूतिगृह आहे, त्यामुळे डबी काहीही मोजू लागली तरी पहिली चाचणी गरोदर बायकांवरच प्रस्तावित असते, आणि एथिक्स कमिटीची परवानगी हा मुद्दा कायम 'प्रक्रियेत' असतो.

लोक म्हणतात, सरकारी पैशावर जगतो. मला तसं वाटत नाही. एका रात्री त्यांनी मला प्रयोगवही दाखवली. संगणकातली नव्हे, हाताने लिहिलेली, कडेला चहाचे डाग. त्या वहीत जे होतं ते अहवालात नव्हतं. तेच रक्त, तीच डबी, आणि दुपारी आकडा वेगळा यायचा. दोन महिने ते या दुपारच्या मागे होते. शेवटी कळलं की खिडकीतून येणारं ऊन फटीतून सेन्सरपर्यंत पोचतंय. त्यांनी फटीला काळी चिकटपट्टी लावली आणि आकडे जाग्यावर आले. हे सांगताना त्यांचा चेहरा कुठल्याच स्लाइडवर नसतो असा झाला होता. पण हे लिहायचं कुठे? अर्ज करताना त्यांनीच रंगीत पट्ट्यांच्या तक्त्यात 'महिना 7 ते 9: अचूकता सिद्ध' असं लिहून दिलेलं. काय सापडेल हे ठाऊक असतं तर संशोधन कशाला केलं असतं, हे त्यांनाही कळतं आणि तक्ता मागणाऱ्यालाही. दोघं मिळून तो तक्ता खरा धरतात आणि काम पुढे सरकतं. अहवालात ते दोन महिने 'ऑप्टिकल आयसोलेशनचे अनुकूलन' या नावाने गेले. चिकटपट्टी किरकोळमध्ये.

परवा जिन्यात गाठ पडली. पिशवी नवी होती, म्हणजे नुकतीच एखादी परिषद झालेली.

"काका, तुम्हाला डायबिटीस आहे ना?"

"आहे."

"किती वर्षं?"

"रिटायर झालो तेव्हापासून."

"वा! एक पत्र हवंय. संभाव्य वापरकर्ता म्हणून. मजकूर मी लिहितो, लेटरहेडही करून देतो, तुम्ही फक्त सही करा. एचबीएवनसी किती आली मागच्या वेळी?"

"8.4."

"उत्तम!" प्रस्तावराव म्हणाले. माझी साखर इतक्या आनंदाने आजवर कोणी ऐकली नव्हती. "कॉल बंद व्हायच्या आत कमी मात्र करू नका."