अर्धा तास पुढे

'सगळ्यात लांब कुठे गेला होतात?' या प्रश्नाला पुण्यातल्या एका सोसायटीतल्या काकांकडे बरीच वर्षं एकच उत्तर होतं : बद्रीनाथ. पण संध्याकाळच्या कट्ट्यावर कोणाची लेक न्यू जर्सीत, कोणाचा नातू मेलबर्नला. बद्रीनाथ पहिल्याच फेरीत बाद व्हायचं. शेवटी काकांनी नातवाचा पृथ्वीगोल घेतला, काकूंची विणकामाची सुई पुण्यात खुपसली आणि आरपार काढली. नातू रडला. सुईचं टोक प्रशांत महासागरात निघालं.

तिथे राहण्याजेवण्याची सोय नव्हती. पण तिथून साधारण हजार किलोमीटरवर एक ठिपका होता : ईस्टर आयलंड, तिथल्या लोकांच्या भाषेत रापा नुई. पुण्यापासून जवळजवळ १९,००० किलोमीटर. पृथ्वीवर कुठलीही दोन गावं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरच्या फारशी पुढे जाऊच शकत नाहीत, त्यामुळे काकांच्या हिशेबाने हे पंच्याण्णव टक्के झाले. पैकीच्या पैकी मार्क जैसलमेरवाल्यांना, कारण हे बेट जवळजवळ त्यांच्याच पायाखाली येतं. पण सोसायटीत जैसलमेरचं कोणी राहत नव्हतं.

मुंबई, आखात, साओ पाउलो, सांतियागो अशी मजल दरमजल करत दोघं निघाली. बेट चिलीच्या मालकीचं, पण चिलीपासूनही साडेतीन हजार किलोमीटरवर. त्या शेवटच्या विमानात पाच तास खिडकीतून फक्त पाणी दिसतं. काकूंनी दोनदा विचारलं, "अहो, नक्की आहे ना ते?"

होतं. एका टोकापासून दुसरं टोक जेमतेम २४ किलोमीटर आणि गाव एकच, हांगा रोआ. धावपट्टी मात्र तीन किलोमीटरहून लांब, कारण अमेरिकेचं अंतराळयान अडचणीत आलंच तर उतरायला जागा हवी, म्हणून ती १९८०च्या दशकात वाढवली गेली. यान कधी आलं नाही. पर्यटक आले. त्यांना विमानतळावर फुलांचे हार घालतात. काकांनी सवयीने श्रीफळासाठीही हात पुढे केला.

सर्वांत जवळची मनुष्यवस्ती पिटकेर्न बेटावर, तीही सुमारे २,००० किलोमीटरवर आणि अवघ्या पन्नासेक माणसांची. "म्हणजे विरजण मागायचं झालं तर?" काकूंनी शेजाराचा अंदाज घेतला.

घड्याळ लावताना काकांना पहिला साक्षात्कार झाला. जुलैमध्ये हे बेट भारताच्या साडेअकरा तास मागे असतं. म्हणजे काट्यांच्या घड्याळात बारा तासांचा एक वेढा सोडून दिला, तर फरक उरतो अर्ध्या तासाचा! अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या काकांनी काटा अर्धा तास पुढे सरकवला आणि काम भागलं.

दुसऱ्या दिवशी मोआई. सक्तीचा स्थानिक गाइड बरोबर होता. बेटावर हे दगडी पुतळे नऊशेच्या वर आहेत आणि त्यांतले चारशेच्या आसपास रानो राराकू या ज्वालामुखीच्या उतारावर, म्हणजे जिथे ते घडवले त्या खाणीतच उभे किंवा आडवे आहेत. खांद्यापर्यंत मातीत गेल्यामुळे फोटोत नुसती डोकी दिसतात. खाली पूर्ण धड असतं. हात लावायला सक्त मनाई. २००८ साली एका परदेशी पर्यटकाने एका मोआईच्या कानाचा तुकडा तोडला आणि त्याला सतरा हजार डॉलर दंड झाला. हे ऐकल्यापासून काकांनी हात मागे बांधले, ते संध्याकाळपर्यंत सोडले नाहीत.

एवढी धुडं खाणीतून किनाऱ्यापर्यंत नेली कशी? बेटावरचे लोक सांगतात, मोआई चालत गेले. संशोधकांनी ओंडके, घसरगाड्या असे नाना तर्क लढवले. मग २०१२च्या सुमारास अमेरिकी संशोधकांनी चार टनांहून जड अशी प्रतिकृती उभी केली, तिला तीन दोर बांधले आणि अठरा माणसांकडून आळीपाळीने डावी-उजवीकडे ओढून घेतली. पुतळा झुलत झुलत खरंच चालू लागला.

"गोदरेजचं कपाट!" काकू एकदम म्हणाल्या.

गाइडला कळेना. काकांनी उभं राहून दाखवलं. वाड्यातून फ्लॅटमध्ये येताना लोखंडी कपाट असंच आणलं होतं : या कोपऱ्यावर तोलायचं, तो कोपरा पुढे, त्या कोपऱ्यावर तोलायचं, हा कोपरा पुढे. फरशीवरचे ओरखडे अजून आहेत. गाइडने वाटेत कोसळलेले आणि तिथेच सोडून दिलेले मोआई दाखवले. "आमचंही जिन्यात अडकलं होतं," काकू म्हणाल्या.

खरा पेच संध्याकाळी पडला. साडेसहा वाजले होते, काकूंनी भाताचा पहिला घास उचलला होता आणि पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, आज आषाढी आहे, लक्षात आहे ना?" पुण्यात सकाळचे सहा.

काका म्हणाले, "अगं, तिथी सूर्योदयाला धरतात. इथे अजून दशमीच आहे. जेव तू."

"विठोबा पंढरपुरात आहे," काकू म्हणाल्या आणि घास खाली ठेवला.

सकाळी सूर्य उगवला तेव्हा काकांच्या हिशेबाने एकादशी लागली. मग काकूंनी तोही दिवस धरला. एकादशी नि दुप्पट खाशी ही म्हण तिथे दुप्पट उपाशी अशी झाली. तारलं रताळ्याने. तिथे त्याला कुमारा म्हणतात आणि मोआई घडवणाऱ्यांचं मुख्य अन्न तेच होतं. ते मुळात दक्षिण अमेरिकेतलं, पण कोलंबसाच्या कितीतरी आधी पॉलिनेशियात पोचलेलं. काका फोनवर वाचत सुटले : बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावाही तिकडचा. पोर्तुगीज जहाजं पश्चिम किनाऱ्याला लागण्याआधी आपल्याकडे यांतलं काहीच नव्हतं.

"मग आधीच्या बायका एकादशीला काय खात होत्या?" काकूंनी विचारलं.

काकांना उत्तर सापडेना. काकू तोवर बाहेर गेल्या होत्या. वाऱ्यापासून पिकं वाचवायला तिथे दगडांची गोल कुंपणं रचतात, त्यांना मानावाई म्हणतात. तशा एका कुंपणात वाकून त्या बघत होत्या. आत मोठाल्या, हृदयाच्या आकाराच्या पानांचं दाट बन होतं.

"अहो, अळू!" त्या ओरडल्या. "आणि मी बेसन घरी ठेवून आले!"

परतल्यावर कट्ट्यावर काकांनी १९,००० हा आकडा टाकला. क्षणभर शांतता पसरली. मग कोणीतरी विचारलं, "सकाळचा नाश्ता पॅकेजमध्ये होता का?"

दुसऱ्या दिवशी काका पासबुक भरून घ्यायला बँकेत गेले, तर शटर बंद. "दहाला उघडते," वॉचमन म्हणाला. काकांनी मनगट त्याच्यापुढे धरलं. रापा नुईवर रात्रीचे बरोब्बर दहा वाजले होते.